फोटोमागचे नाव

साताऱ्याकडच्या जुन्या घरांत भिंतीवर एक फोटो हमखास दिसतो. स्टुडिओचा रंगवलेला पडदा, खुर्ची आणि शेजारी पलटणीच्या वेशात ताठ उभा जवान. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाने ४६ माणसे गमावली. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडलेल्या यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव राहिले. बाकीचे कितीतरी फोटोत आहेत, पण बिननावाचे.

मी बँकेत असताना पेन्शनला आलेल्या एका आजींनी पासबुकातून पलटणीचा असाच एक फोटो काढला. ‘हे आमचं मालक,’ म्हणत रांगेतल्या एकावर बोट ठेवले. मागची बाजू कोरी होती. पेन माझ्या हातातच होते, पण काउंटरवर गर्दी होती.

घरात सांगणारे माणूस आहे तोवर फोटो भिंतीवरून उतरवा. मागे नावगाव लिहा. शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, कारण शाई पुढे फुटते.

आजी गेल्यावर त्यांचा नातू तोच फोटो घेऊन आला. ‘साहेब, तुम्हाला दाखवला होता म्हणे. यातले आमचे आजोबा कोणते?’

डावीकडून तिसरे की चौथे, मला आठवेना.