माळ्यावरची लोखंडी कढई खाली काढा



आमच्या नरसिंहपुरातही आता नॉनस्टिक आलं आणि लोखंडी कढई माळ्यावर गेली. मला हे पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींत एक!

मी कॉमर्सवाली, जमाखर्च मांडते. पाळी, बाळंतपण हा लोहाचा खर्च. जमेला काय? धान्य-भाजीतलं लोह अंगी कमीच लागतं, त्यात चातुर्मासात, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. नियम मोडायचा नाही, मग भांडं बदलू. आमसूल, चिंच, टोमॅटो घातलेली आमटी लोखंडात उकळली की भांड्यातलं लोह तिच्यात उतरतं. इथिओपियातल्या मुलांवरचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. ॲल्युमिनियमपेक्षा लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं.

आमटी शिजली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढा, नाहीतर काळी पडते. कढई धुऊन, कोरडी पुसून तेलाचा हात फिरवा. पानात लिंबू घ्या. चहा जेवणानंतर तासाभराने.

कढई हे औषध नव्हे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच.

आणि एक. सूर्यास्ताआधी सगळ्यांना वाढता वाढता सुनेच्या वाट्याला उरलंसुरलंच येत असेल, तर कढई कुठलीही असो, रक्त वाढणार नाही. तिलाही पंगतीत बसवा.