सहलीतील आगाऊ भोजनाचा करार

बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा, हुमनाबाद, बसवकल्याण या पट्ट्यातील मराठी कुटुंबांचा प्रवास आजवर बहुतांशी देवदर्शनाचा असे, आणि देवदर्शनाच्या प्रवासात जेवणाचा प्रश्न परंपरेने आधीच सोडवून ठेवलेला असे. गाणगापुरास जावे तर तेथे माधुकरीची प्रथा. अक्कलकोटास जावे तर स्वामींचे अन्नछत्र. हुमनाबादेच्या अंगणातच असलेल्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या अन्नदानाची परंपरा. कलबुर्गीस शरणबसवेश्वरांचा दासोह आणि बिदरास गुरुद्वारा नानक झिरा साहिबचे लंगर. या सर्व स्थळी पंगतीत बसणाऱ्याला अन्नाची किंमत कोणी विचारीत नाही आणि तोही ती विचारीत नाही. वाटेतल्या भुकेसाठी घरची शिदोरी, म्हणजे ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे, एवढी तजवीज पुरेशी होत असे.

गेल्या काही वर्षांत मात्र प्रवासाचे स्वरूप पालटले. 2017 साली हुमनाबादवरून जाणारा बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला, 2024 साली कलबुर्गीहून बंगळूरला वंदे भारत धावू लागली, मुलेमुली नोकरीनिमित्त हैदराबाद, पुणे, बंगळूर येथे स्थिरावली, आणि दिवाळीच्या वा मे महिन्याच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन गोवा, कोडगू, मुन्नार किंवा अंदमान येथे जाण्याचा शिरस्ता पडत चालला. या नव्या प्रवासात खोलीचे आरक्षण करतानाच एक प्रश्न समोर येतो, तो असा की जेवणासकट पैसे भरावयाचे की जेवणाशिवाय. हॉटेलांच्या परिभाषेत ईपी म्हणजे केवळ खोली, सीपी म्हणजे खोली व न्याहारी, एमएपी म्हणजे न्याहारी व एक मुख्य जेवण, आणि एपी म्हणजे तिन्ही वेळचे अन्न. या चार अक्षरसंकेतांपैकी कोणता निवडावा, यावर घरोघरी जो विचार होतो तो बहुधा घाईचा असतो, आणि घाईत बहुतेकांचा कल 'सगळेच घेऊन टाकावे, डोक्याला ताप नको' याकडे झुकतो. हा कल चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत असून त्याची कारणे क्रमाने मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. आगाऊ भोजनाच्या करारास अनुकूल असणारे चार मुद्दे पुढे करतात. पहिला मुद्दा काटकसरीचा: हॉटेलात प्रत्येक थाळीचे वेगळे पैसे देण्यापेक्षा एकत्रित दर कमी पडतो. दुसरा, अंदाजपत्रकाचा: निघण्यापूर्वीच खर्चाची रक्कम निश्चित होते आणि परक्या गावी खिशाकडे पाहावे लागत नाही. तिसरा, गृहिणीच्या विश्रांतीचा: वर्षभर जिच्या माथी 'आज काय करायचे' हा प्रश्न असतो, तिला निदान चार दिवस त्यातून मोकळीक मिळते. चौथा, मुले व वृद्ध यांच्या सोयीचा: वेळच्या वेळी, स्वच्छ, ओळखीचे अन्न मिळाले म्हणजे पोटाची तक्रार उद्भवत नाही. यांपैकी एकही मुद्दा पोकळ नाही, म्हणूनच त्यांचा परामर्श आदराने घेतला पाहिजे.

काटकसरीचा मुद्दा आकड्यांनी तपासू. समजा, चौघांचे कुटुंब तीन दिवसांसाठी समुद्रकाठच्या एखाद्या हॉटेलात उतरले, आणि न्याहारी खोलीच्या दरात धरून उरलेल्या दोन जेवणांसाठी माणशी दररोज 1200 रुपये आगाऊ भरले. एकूण रक्कम 14,400 रुपये आणि एकूण थाळ्या 24. म्हणजे थाळीस 600 रुपये. त्याच हॉटेलात सुटी थाळी 800 रुपयांस मिळत असेल, तर करार प्रथमदर्शनी चतुर्थांश रकमेची बचत करतो. परंतु 14,400 रुपयांत सुट्या थाळ्या 18 येतात. अर्थात सहांहून अधिक थाळ्या न खाता राहिल्या की बचत संपून तोटा सुरू होतो. चौघांच्या कुटुंबाची दोन जेवणे चुकली म्हणजे आठ थाळ्या गेल्या. एका दुपारी किल्ला पाहताना उशीर झाला आणि एका संध्याकाळी किनाऱ्यावरच भूक भागली, एवढ्याने करार तोट्यात जातो. त्यातून एखाद्याची संकष्टी, एखाद्याची एकादशी, कोणाचा गुरुवार. आपल्या घरांत उपवासाचा वार कोणाचा ना कोणाचा असतोच, आणि त्याचा हिशेब हॉटेलच्या दरपत्रकात कोठेही नसतो. शिवाय तुलना हॉटेलच्या सुट्या थाळीशी करणे हेच मुळात सदोष आहे, कारण करार केला नसता तर ते कुटुंब प्रत्येक वेळी त्या हॉटेलातच जेवले असते हे गृहीत धरावयास आधार नाही. बाजारपेठेतील साध्या भोजनालयात तीच क्षुधा 250 रुपयांत तृप्त होत असेल, तर 24 थाळ्यांचे 6,000 रुपये होतात, आणि खरी तफावत त्या आकड्याशी ताडून पाहावी लागते.

माणूस आपल्या भावी उपभोगाचा अंदाज पुष्कळदा चढा बांधतो, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनी सप्रमाण दाखविली आहे. स्टेफानो डेला विन्या व उल्रिके मालमेंडियर यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील व्यायामशाळांचे सभासद तपासले. दहा भेटींचा पास घेतला असता प्रत्येक भेट 10 डॉलरला पडली असती, पण मासिक वर्गणी भरणारे सभासद प्रत्यक्षात इतके कमी वेळा जात की त्यांना एक भेट 17 डॉलरहून अधिक महाग पडे. सहलीला निघणारा गृहस्थही असाच सर्व जेवणे मुक्कामी येऊन घेण्याचा संकल्प करून पैसे भरतो. तो संकल्प रस्ता, ऊन, मुलांचा हट्ट आणि नव्या स्थळाचे आकर्षण यांपुढे टिकत नाही.

अंदाजपत्रकाचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. आधी पैसे देऊन टाकले की उपभोगाच्या वेळी ते दिल्याची टोचणी राहत नाही, हे ड्रेझन प्रेलेक व जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1998 साली विवेचिले, आणि तो अनुभव आपणा सर्वांचा आहे. परंतु ही मनःशांती मिळविण्यासाठी पैसे हॉटेलवाल्याच्याच हवाली करावे लागतात असे कोठे आहे? जेवणखाणासाठी ठरावीक रक्कम वेगळ्या पाकिटात घालून निघावे. तीही खर्ची पडलेलीच मानावी. उरली तर ती आपली राहते, हॉटेलची होत नाही. उलट, करार केलेल्या कुटुंबाच्या मनावर एक निराळे ओझे बसते. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून ते भूक नसताना जेवते, ताट गरजेपेक्षा अधिक भरते, आणि मावळता सूर्य पाहावयाचा सोडून भोजनगृहाची वेळ गाठण्यासाठी परत फिरते. गेलेला पैसा पुढच्या निर्णयावर अशी सत्ता गाजवू लागला की सहलीचा कार्यक्रम कुटुंब ठरवीत नाही, भोजनगृहाचे घड्याळ ठरविते. ज्या प्रदेशात मार्गशीर्षातल्या येळवसेला शेतावर जाऊन भज्जी, आंबील आणि खिचडा करतात आणि वाटसरूलाही बोलावून पानावर बसवितात, त्या प्रदेशातील माणसांनी पैसे वसूल करण्यासाठी अन्न ताटात टाकून उठावे, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

गृहिणीच्या विश्रांतीचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो हॉटेलच्या दरपत्रकावर सोपविणे मला मान्य नाही. सहलीत स्वयंपाक तिला कोणत्याच योजनेत करावा लागत नाही. तिचा खरा शीण निर्णयाचा आणि देखरेखीचा असतो. तिन्ही वेळच्या कराराने तो शीण हटत नाही, त्याचे रूप तेवढे बदलते: न्याहारी बंद होण्यापूर्वी मुलांना उठवून आवरणे, दुपारी सर्वांना परत आणणे, रात्री पेंगुळलेल्या लेकरास भोजनगृहात नेणे, हे सारे पुन्हा तिच्याच अंगावर पडते. तिला मोकळीक द्यावयाची असेल तर चार दिवस जेवणाचा विचार घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी आपल्याकडे घ्यावा. ही विश्रांती कोणत्याही करारात विकत मिळत नाही.

उरला मुलांचा व वृद्धांचा प्रश्न. मधुमेही आजोबा वेळेवर जेवले पाहिजेत, हे निर्विवाद आहे. परंतु अशा व्यक्तीची गरज म्हणून साऱ्या कुटुंबास तिन्ही वेळ बांधून घेणे हा उपाय नव्हे; जी व्यक्ती मुक्कामी राहणार, तिच्यापुरतीच तरतूद करावी आणि दर खोलीवर न घेता माणशी घ्यावा. मोठ्या हॉटेलांच्या बुफेत पनीर, दाल मखनी व नूडल्स यांचीच पुनरावृत्ती गोव्यापासून मुन्नारपर्यंत आढळते. ज्वारी आणि तुरीवर पोसलेल्या आमच्या भागातील वृद्धांच्या पोटास ते अन्न ओळखीचेही नसते आणि हलकेही नसते. त्यांना जवळच्या खानावळीतला साधा वरणभात अधिक मानवतो. मुलांच्या बाबतीत तर नुकसान आणखी मोठे आहे. गोव्यात जाऊन खतखते न चाखता, कोडगूत जाऊन कडंबुट्टू न पाहता, केरळात जाऊन पुट्टू-कडला न खाता जे मूल परत येते, त्याने त्या प्रांताचे केवळ देखावे पाहिले, तेथील माणसे कशावर जगतात हे त्याला कळले नाही.

येथवर खंडन झाले, आता मंडन. आगाऊ भोजनाची कल्पना सर्वस्वी त्याज्य आहे असे मी म्हणत नाही. तिचा उगम जेथे झाला तेथे ती योग्यच होती. टॉमस कुक यांनी 1868 साली हॉटेलची कूपने काढली, ती परकी भाषा व परके चलन यांनी गांगरणाऱ्या प्रवाशांच्या सोयीसाठी. जेरार ब्लिट्झ यांच्या क्लब मेडिटेरेनेने 1950 साली माजोर्का बेटावर तंबू ठोकून सर्वसमावेशक सुट्टीचा प्रघात पाडला. किनाऱ्यावरील त्या तंबूंच्या वसाहतीत सर्वांची एकत्र पंगत हीच सोय होती. आपल्याकडेही अशी स्थळे आहेत. आलप्पुळच्या हाउसबोटीवर एकदा चढले की दुकान नाही, रस्ता नाही, संध्याकाळी नौका नांगरली जाते आणि स्वयंपाकी नौकेवरच असतो. माथेरानात मोटारींना मज्जाव असल्यामुळे सामान दस्तुरी नाक्याहून पुढे घोडे, हातगाड्या यांसारख्या साधनांनी न्यावे लागते, आणि तेथील बरीच हॉटेले जेवणासकट माणशी दर सांगतात ते याच परिस्थितीमुळे. खुद्द आमच्या बिदरजवळचे ब्लॅकबक रिसॉर्ट घ्या: कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या उपक्रमाच्या पॅकेजात निवास, भोजन आणि सफारी एकत्र असतात, आणि सफारीच्या वेळेभोवती दिवस आखलेला असल्याने पर्यटक जेवणाच्या वेळी तेथेच असतो. अशा ठिकाणी करार नाकारणे हा हट्ट ठरेल.

यावरून पहिल्या दोन कसोट्या निघतात. पायी जाण्याच्या अंतरात दुसरे भोजनालय आहे काय, ही पहिली. जेवणाच्या वेळी कुटुंब खरोखर मुक्कामी असेल काय, ही दुसरी. तिसरी कसोटी मी आपल्याच जुन्या व्यवहारातून घेतो. पुण्यामुंबईच्या खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ भरणाऱ्या विद्यार्थ्याला वा नोकरदाराला गावी जावयाचे झाल्यास आधी सांगून खाडा कापून घेण्याची मुभा असे. आगाऊ भोजनाचा न्याय्य करार तो हा: न खाल्लेल्या अन्नाचे पैसे, पूर्वसूचना दिली असता, ग्राहकाचेच राहतात. हॉटेलच्या योजनेत हे कलम बहुधा नसते, आणि ग्राहक ते मागतही नाही. मागितल्याने शिरस्ता बदलतो याचे मोठे उदाहरण रेल्वेचे आहे. राजधानी व शताब्दी गाड्यांत जेवणाचे पैसे तिकिटातच सक्तीने धरलेले असत. 2017 साली ते न घेण्याचा पर्याय देण्यास प्रारंभ झाला, आणि आज वंदे भारतचे तिकीट काढणारा कलबुर्गीचा प्रवासी जेवण नको असे सांगू शकतो. सरकारी गाडीत जी मुभा मिळते ती खाजगी हॉटेलात मिळू नये, असे कोणते कारण आहे?

येथे कोणी म्हणेल की स्वयंपाक करणाऱ्यालाही आगाऊ अंदाज हवा असतो. तो हवाच. परंतु आगाऊ सांगणे आणि आगाऊ पैसे देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मालवण, गणपतीपुळे येथील घरगुती भोजनाची व्यवस्था करणारी कुटुंबे सकाळीच विचारतात की दुपारी किती पाने; सांगितले तेवढेच रांधले जाते, अन्न वाया जात नाही आणि कोणाचेही नुकसान होत नाही. शब्द देऊन तो पाळणे हा यजमानाबद्दलचा आदर आहे. महिनाभर आधी तिन्ही जेवणांची रक्कम भरणे यात तसा आदर नाही आणि व्यवहारचातुर्यही नाही.

तेव्हा माझा निर्णय असा. न्याहारी खोलीच्या दरासोबत घ्यावी, कारण सकाळी कुटुंब निश्चितपणे मुक्कामी असते आणि भुकेल्या मुलांना घेऊन न्याहारीच्या शोधात बाहेर पडणे योग्य नव्हे. रात्रीचे जेवण स्थळ पाहून घ्यावे: डोंगरातील एकाकी मळ्यावर, पावसाळ्यातील घाटमाथ्यावर ते आगाऊ असणे शहाणपणाचे, गावात वा बाजारपेठेजवळ अनावश्यक. दुपारचे जेवण हाउसबोट, अरण्य किंवा माथेरानसारखी स्थळे वगळता कधीही आगाऊ घेऊ नये, कारण दुपारी प्रवासी रस्त्यावर असतो. आणि कोणताही करार करताना चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: दर माणशी की खोलीवर, मुलांचा दर किती, कर धरला आहे की वेगळा, आणि आदल्या दिवशी सांगितल्यास खाडा मिळेल की नाही. चिटगुप्प्याच्या, हुमनाबादच्या, कलबुर्गीच्या वाचकांना माझी विनंती आहे की या सुट्टीत पैसे भरण्यापूर्वी एका कागदावर सहलीचा दिवसवार कार्यक्रम लिहावा, प्रत्येक जेवणाच्या वेळी आपण कोठे असू ते त्यासमोर मांडावे, उपवासाचे वार खुणावावेत, आणि मुक्कामावर होतील एवढ्याच जेवणांचा करार करावा.