बॅटरीवरचा पाना घ्यावा की न घ्यावा?



आमचे धाकटे बंधू ब्लॅक रिव्हरच्या बाजूला घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारदुरुस्ती करतात. दररोज पाच-सहा गाड्यांची चाके उतरवावी लागतात. चाळिशी आली, उजवा खांदा दुखू लागला. परवा ते आम्हांला म्हणाले, "ताई, यंदाच्या बोनसमधून बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट रेंच घेऊ या का?" घरात मुलीच्या शिकवणीचा खर्चही उभा आहे. तेव्हा भावाचे मन राखण्यासाठी नुसते 'हो' म्हणणे आम्हांला बरे वाटले नाही. शिक्षकाची सवय, आधी हिशेब मांडला.

लहान मोटारीच्या चाकाचा नट साधारणपणे १०० ते ११० न्यूटन-मीटर इतका आवळायचा असतो. ५० किलो वजनाच्या माणसाने अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकावर सारा भार दिला, तर नटावर सुमारे २४५ न्यूटन-मीटर पीळ पडतो. म्हणजे वर्षातून एकदोनदा चाक काढणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला लांब दांड्याचा पाना पुरेसा आहे. त्यासाठी बोनस मोडण्याची गरज नाही.

बंधूंची गोष्ट निराळी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने नट गंजतात, आणि रोज वीस-पंचवीस नटांवर खांदा झिजवावा लागतो. या यंत्रात नट अडला की आतली हातोडी ऐरणीवर मिनिटाला दोन-तीन हजार ठोके मारते. ते ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात, म्हणून नट सुटतो आणि मनगटाला पीळ कमी बसतो. हवेची नळी नको, कॉम्प्रेसर नको. चक्रीवादळात वीज गेली तरी भरलेली बॅटरी काम देते.

मात्र काही गोष्टी दुकानात जाण्यापूर्वी ध्यानात घ्याव्यात. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा नट सोडवण्याचा असतो, आवळण्याचा नव्हे. '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' यांत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात, फरक नावाचा. पुष्कळदा किंमत नुसत्या यंत्राची असते. बॅटरी व चार्जर वेगळे घ्यावे लागतात, आणि एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला सहसा बसत नाही. बंधूंकडे ड्रिल आहे, तर त्याच बॅटरीवर चालणारे यंत्र पाहावे. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नये. नेहमीच्या चकचकीत गोट्या या यंत्राला लावू नयेत, त्या फुटून तुकडे उडू शकतात. काळ्या, जाड इम्पॅक्ट गोट्याच घ्याव्यात. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवेच.

आता मुख्य मुद्दा. मागे एका संध्याकाळी भर पावसात आमच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. आम्ही व आमची मुलगी अर्धा तास झटलो, पण एकही नट हलला नाही. आदल्या आठवड्यात एका गॅरेजात कोणीतरी यंत्राने ते बेसुमार आवळले होते. शेवटी वाटेने जाणारे एक सद्गृहस्थ लोखंडी नळी घेऊन आले, तेव्हा सुटका झाली. एक बोल्ट मात्र तुटला. त्या दिवशी कळले, की हे यंत्र ज्याच्या हाती असते त्याचे श्रम वाचतात, पण त्याच्या घाईचे ओझे दुसऱ्याच्याच माथी बसते.

म्हणून आमचे मत असे : बंधूंनी हे यंत्र अवश्य घ्यावे, पण त्याच दिवशी टॉर्क रेंचही घ्यावा. पैसे कमी पडले तर यंत्र थोडे लहान घ्यावे, टॉर्क रेंच मात्र सोडू नये. नट हाताने बसवावेत, एक सोडून एक असे क्रमाने ठरलेल्या मापापर्यंत आवळावेत, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर गिऱ्हाइकाने पुन्हा तपासून घ्यावेत. शेडच्या भिंतीवर आम्ही स्वतःच्या अक्षरांत लिहून देणार आहोत : 'सोडायला यंत्र, आवळायला हात.'

शिकवणीचे पैसे आधी बाजूला काढले आहेत. उरलेल्यांतून भावाचा खांदा वाचत असेल, तर तो खर्च वाया गेला असे आम्ही मानणार नाही. आपल्या घरी असा प्रश्न आला, तर आपणही आधी नट मोजावेत, मग नोटा.