दिव्याची कळ कोणाच्या हाती?

मैत्रिणींनो, दिवाळीत मुंबईहून आलेल्या लेकानं आमचं भंडाऱ्याचं घर ‘स्मार्ट’ करून टाकलं. अंगणात, बैठकीत, सासूबाईंच्या खोलीत वायफायचे बल्ब आणि गाणी लावणारी अलेक्सा. “आई, संध्याकाळी तू आता नुसती बसायचं. दिवे आपोआप लागतील, सात वाजता उजेड मंद पिवळा होईल, बासरी सुरू होईल.” पिवळ्या उजेडाचं खरं आहे म्हणा. रात्री निळसर पांढरा उजेड डोळ्यांवर असला की झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं.

पहिल्या दिवशी बासरी सुरू झाली तेव्हा मी कणीक मळत होते. अलेक्साला २०१९ पासून हिंदी कळतं, पण सासूबाई तिच्याशी झाडीबोलीत बोलतात. मग ती भलतंच गाणं लावते!

हसू विरलं ते डिसेंबरात. हे गोंदियाला गेलेले, मी बचत गटाच्या बैठकीला. सासूबाई तुळशीपाशी दिवा लावायला निघाल्या. अंगणातला बल्ब लागलेलाच नव्हता. भिंतीवरच्या बटणावर लेकानं चिकटपट्टी लावलेली, कारण बटण बंद केलं की बल्ब मोबाईलचं ऐकत नाही. मोतीबिंदूच्या डोळ्यांना तेवढा झाकोळ पुरे झाला. पायरी चुकली, गुडघा फुटला. हाड वाचलं, एवढंच.

चूक कुठे होती? ॲपमध्ये ठिकाण मुंबईचं होतं. ‘सूर्यास्ताला दिवा लाव’ म्हटलं होतं, तो मुंबईचा सूर्यास्त धरत होता. आपण पूर्वेला. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तिकडे त्यानंतर जवळपास अर्ध्या तासानं. आणि मला ते बदलता येईना! खातं लेकाच्या मोबाईलवर, त्यातला वाटा ह्यांच्याकडे. मी मागितला नव्हता, मला कोणी विचारलंही नव्हतं. दिवेलागणीची वेळ घरात सगळ्यात आधी जिला कळते, तिच्याच हाती कळ नाही. घर, शेत, बँकेचं पासबुक यांच्याबाबतीत आपण हेच बघत आलो ना?

आता खातं माझ्या मोबाईलवर आहे, ठिकाण भंडारा आहे. चिकटपट्टी काढली. बटण एकदा बंद करून चालू केलं की आमचा बल्ब लागतो, हे सासूबाईंना दोनदा करून दाखवलं. आणखी एक गंमत. रात्री लाइट जाऊन आली की असे बल्ब बरेचदा लख्ख पेटतात आणि घरभर झोपमोड होते. ॲपमध्ये ‘आधी होता तसाच ठेव’ असा पर्याय असतो, तो शोधा. आणि पाण्याची मोटार किंवा गिझर लहान, सहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगला लावू नका, तो तापतो. ज्यांच्याकडे वायफाय नाही त्यांना साधा टायमरचा प्लगही पुरतो, त्याला इंटरनेट लागत नाही.

राहिला माझा आराम. तोही मीच ॲपमध्ये घातला. एक बल्ब स्वयंपाकघरात लावला, रात्री सव्वानऊला आपोआप बंद होणारा. पहिल्याच रात्री हे चहा करायला सांगायला आले.

“लाइट गेली का?”

“नाही हो. स्वयंपाकघर बंद झालं.”

थोडं थांबून त्यांनी बटण बंद-चालू केलं आणि चहाचं पातेलं कुठे ठेवलंय, ते विचारलं.