विमानतळावरचे प्रतीक्षालय आणि आपण



परळच्या चाळीतले आमचे तात्या आणि काकू नुकतेच सिंगापूरला जाऊन आले. १९८२ च्या संपात तात्यांची गिरणी सुटली ती कायमचीच. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली, काकूंनी पोळ्या लाटून दिल्या आणि दोघांनी मिळून मुलाला इंजिनिअर केले. आता तात्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, म्हणून पोराने हट्टाने दोघांना बिझनेस क्लासचे तिकीट पाठवले. आम्ही पडलो कारकून. व्हिसाचे कागद, फोटो, विम्याची पावती सगळे फायलीला लावून दिले आणि मोठ्या अभिमानाने त्यांना विमानतळाच्या दारापर्यंत सोडून आलो.

ते परतल्यावर भेटायला गेलो. "कसा झाला प्रवास?" असे विचारले तर तात्या गप्प. काकूच म्हणाल्या, "भाऊ, जाताना त्या मोठ्या खोलीत तीन तास बसलो. इडली होती, पुलाव होता, सगळं मांडून ठेवलेलं. पण कुणी जेवा म्हटलं नाही. आम्ही आपले पाणी पिऊन बसलो."

हात लावला तर हजारोंचे बिल येईल, असे तात्यांना वाटले होते. विमानातही तीच गत. तिथली खुर्ची बटण दाबले की बिछान्यासारखी आडवी होत होती. पलीकडचा साहेब पाय पसरून घोरत होता आणि आमचे तात्या ऑपरेशनचा गुडघा घेऊन रात्रभर ताठ बसले. का, तर बटण दाबून काही मोडले तर?

ज्या गुडघ्यासाठी पोराने पैसे मोजले, तोच सुजून सिंगापूरला उतरला. यात कोणा कर्मचाऱ्याचा दोष आम्ही काढत नाही. राग आला तो स्वतःचा. कागद सगळे जोडून दिले, पण आत गेल्यावर काय करायचे ते सांगितले नाही. खरे तर आम्हालाही ते ठाऊक नव्हते. मग चार ठिकाणी विचारपूस केली, ती आज आपल्यापुढे ठेवतो. आता आपल्याही घरातली मुले परदेशी आहेत, कोणी बँकॉकला तर कोणी कोलंबोला बुद्धविहारे पाहायला जातात. आणि २०२५ पासून तर गिरगाव-दादरहून भुयारी मेट्रो थेट टर्मिनल दोनला जाते.

लाउंज म्हणजे दुसरे काही नाही, प्रतीक्षालय. मोठ्या रेल्वे स्टेशनवर वरच्या वर्गाची वेटिंग रूम असते, त्याचाच हा मोठा भाऊ. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने असे दालन उघडले. सुरुवातीला कंपनी ज्यांना बोलावील त्यांनाच तिथे प्रवेश होता. पुढे ते वर्गणी भरणाऱ्यांना खुले झाले. बिझनेस क्लास त्याहून धाकटा, १९७० च्या दशकाच्या अखेरचा. कचेरीच्या कामाने पूर्ण भाडे भरून जाणारे लोक सवलतीच्या तिकीटवाल्यांच्या शेजारी बसून कुरकुरू लागले, तेव्हा कंपन्यांनी त्यांच्यासाठी मधला वर्ग काढला. म्हणजे राजेरजवाड्यांची ही परंपरा नव्हे, धंद्याचा साधा हिशेब आहे.

आता कामाचे सांगतो. सामान देताना बोर्डिंग पास मिळतो. तेव्हाच विचारावे, "लाउंज कुठे आहे? आमच्या तिकिटात आहे ना?" इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी झाली की लाउंजच्या दारात पास दाखवायचा. आत मांडलेले जेवण, चहा, कॉफी यांचे पैसे तिकिटात आलेले असतात. ताट आपणच घ्यायचे, हवे तेवढे वाढून घ्यायचे. एखाद्या पदार्थाचे वेगळे पैसे असले तर तसे लिहिलेले असते, नसेल तर विचारावे. अन्न बांधून मात्र न्यायचे नाही. आणि एक लक्षात ठेवा, पुष्कळ लाउंजमध्ये विमानाची घोषणा होत नाही. भिंतीवरच्या पडद्याकडे नजर ठेवून वेळेत उठावे लागते. विमानात खुर्चीचे बटण समजले नाही तर बिनदिक्कत हाक मारावी. सांगणे हे त्यांचे कामच आहे.

साध्या तिकिटावरही काहींना लाउंजमध्ये जाता येते. काही बँकांच्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर ही सवलत असते. दारात कार्ड लावायचे, नाममात्र रक्कम कापली जाते. पण नियम वरचेवर बदलतात. कुठे तीन महिन्यांतून एकदाच, कुठे आधी ठरावीक खर्च केलेला असावा लागतो. निघण्यापूर्वी बँकेत विचारून जावे.

आता कोणी म्हणेल, कर्ज काढून बिझनेसने जाऊ. थांबा! साधे तिकीट २० हजार आणि बिझनेसचे ६० हजार धरा. फरक ४० हजारांचा. सिंगापूरचा प्रवास साडेपाच तासांचा. म्हणजे तासाला सात हजारांवर रुपये झाले! ज्याचा गुडघा दुखतो आणि ज्याचा मुलगा आनंदाने भरतो, त्याने जरूर घ्यावे. मिरवण्यासाठी घेऊ नये. तेवढ्यात मुलीच्या क्लासची फी भागते.

पण शरीराला आराम मागणे ही चैन नव्हे. आपल्या रेल्वेत १९७४ पर्यंत तिसरा वर्ग होता. तो गेला तरी दुसऱ्या वर्गात झोपायला लाकडी फळीच होती. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम बसवला. त्या दोन इंचांनी किती कष्टकऱ्यांच्या पाठी वाचल्या असतील! वरच्या वर्गाचे काही काढून न घेता खालचा वर्ग वर आणला.

मग तात्यांनी ताटाला हात का लावला नाही? बिलाची भीती होतीच, पण तिच्या तळाशी आणखी एक भीती आहे. १९०१ साली मसूर स्टेशनावर लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांसह वडिलांकडे जायला उतरला होता. अंगावर नवे कपडे, डोक्याला झगमगीत टोप्या. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने विचारपूस केली आणि 'महार' हा शब्द ऐकताच त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊ केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. "तुम्ही कोण?" हा प्रश्न आपल्या हाडात तेव्हापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून बसलेला आहे. चांगल्या खोलीत शिरलो की तो आतून कोणी न विचारताच ऐकू येतो.

लाउंजच्या दारात पैशाची भिंत आहे, हे खोटे नाही. पण तिथली बाई विचारते ते फक्त, "बोर्डिंग पास?" तो हातात असला की पुढे कोणाची परवानगी लागत नाही.

आम्ही हे सारे बोलत होतो, तेव्हा काकू हसल्या. "येताना पोराने सगळं समजावून पाठवलं होतं. पोटभर जेवले, दोनदा चहा घेतला. हे विमानात पाय पसरून झोपले ते मुंबईलाच उठले. आणि भाऊ, तिथे कोपऱ्यात आपल्याकडचं एक म्हातारं जोडपं बसलेलं. ती बाई पिशवीतली कोरडी चपाती मोडून खात होती. मी उठले, ताट तिच्या हातात दिलं. म्हटलं, घ्या ताई, ह्याचे पैसे भरलेले आहेत."