आडात नाही तर पंपात कुठून येणार?

जुलैतला शनिवार, पहाटेचे पाच. पुण्याहून वेंगुर्ल्याला निघालो होतो. मी, माझा आयटीवाला मित्र आणि त्याची लाडकी दोन लिटरची टर्बो पेट्रोल सेदान. गाडीचा ईएमआय अजून चालू आहे, पण साहेबांनी तीन वर्षांपूर्वीच रीमॅप करून घेतलाय. त्यामुळे गाडी एकदम सॉलिड पळते. निदान त्या सकाळपर्यंत तरी पळत होती.

खंबाटकीच्या चढावर त्याने पाय दाबला आणि गाडीने एकदम मान टाकली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, टर्बो गायब. कडेला घेतली, बंद करून चालू केली, तर पुन्हा छान! ‘सेन्सर असेल रे,’ मित्र म्हणाला. आपण सगळेच असं म्हणतो.

दुसरा झटका निपाणी सोडून आजऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर बसला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, समोरचा रस्ता मोकळा, म्हणून तो ओव्हरटेकला बाहेर पडला. अर्ध्यात गाडी मेली. वळणावरून एसटी आली. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक मारून जागा दिली म्हणून हा कॉलम लिहितोय. त्यानंतर आंबोलीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. धबधब्यापाशी नेहमीची गर्दी होती, पण भजी खायलाही थांबलो नाही.

वेंगुर्ल्याला पोचल्या पोचल्या मित्राने ट्यूनरला फोन लावला. तिकडून पाच मिनिटांत निदान आलं: ‘हाय प्रेशर पंप कमी पडतोय. मोठा टाकू. सवा लाख. ॲडव्हान्स पाठवा, मागवून ठेवतो.’ मित्राचं बोट यूपीआयवर गेलंसुद्धा होतं. मी म्हटलं, ‘थांब, आधी जेवू.’ बांगडा आणि सोलकढीने सवा लाख तात्पुरते वाचले.

पंप एक नाही, दोन!

हा हाय प्रेशर पंप म्हणजे नक्की काय, ते आधी बघू. कारण टर्बो पेट्रोल गाड्या आता हौशी लोकांपुरत्या राहिलेल्या नाहीत. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली आणि तरुण पोरांना टर्बोची चटक लागली. आज ह्युंदाई, किया, स्कोडा, महिंद्रा सगळ्यांकडे डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल इंजिनं आहेत. ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, चार तरी सापडतील.

या गाड्यांत पेट्रोल दोन टप्प्यांत पुढे जातं. पहिला पंप टाकीत बुडालेला असतो आणि तो विजेवर चालतो. साधारण चार ते सहा बार दाबाने तो पेट्रोल इंजिनापर्यंत आणतो. दुसरा पंप इंजिनावरच बसलेला असतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याचा छोटा दट्ट्या खालीवर करतो आणि दाब थेट 200 बारच्या घरात नेतो. नव्या पिढीच्या काही इंजिनांत तर 350 पर्यंत. अंदाज यावा म्हणून सांगतो, तुमच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो. आणि 200 बार म्हणजे समुद्रात दोन किलोमीटर खोल गेल्यावर अंगावर येईल तेवढा दाब.

एवढा दाब कशाला? तर वेळ नाही म्हणून. जुन्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जायचं. 6000 आरपीएमला एक पूर्ण चक्र 20 मिलिसेकंदांचं असतं आणि जवळजवळ ते सगळं हाताशी असायचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं आणि त्यासाठी पाच-सात मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्यात सगळं आत गेलं पाहिजे, तेही धुक्यासारखं बारीक होऊन. 250 पीएसचं इंजिन पूर्ण ताकदीने चाललं तर मिनिटाला साधारण सव्वा लिटर पेट्रोल पितं. म्हणजे पाण्याची एक लिटरची बाटली पन्नास सेकंदांत फस्त!

आता रीमॅपचा फंडा. कॉम्प्युटरला सांगायचं की टर्बोचा बूस्ट वाढव. हवा जास्त आली की पेट्रोलही त्या मापात जास्त लागतं. ते मिळालं नाही तर मिश्रण पातळ होतं. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. त्यांना वाटतं, पेट्रोल कमी म्हणजे गाडी जरा हळू पळेल, बास. पण टर्बो इंजिनात थोडं जास्तीचं पेट्रोल थंडाव्याचंही काम करतं. ते आटलं की सिलिंडरमधलं तापमान चढतं, मिश्रण वेळेआधीच भडकतं, ठोके बसू लागतात आणि पिस्टनला तडे जाऊ शकतात. म्हणून दाब पडताना दिसला की कॉम्प्युटर ताकदच काढून घेतो. यालाच लिम्प मोड म्हणतात. इंजिन वाचवायला ते बरोबरच आहे, पण एसटी समोर असेल तर तुमचं काय, हा प्रश्न उरतोच.

काकांची शाळा

संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा बंदराकडे गेलो. पावसाळी मासेमारीबंदी होती. बोटी वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. हाच काळ बोटींची इंजिनं खोलायचा. एका शेडमध्ये सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन उघडून ठेवलं होतं आणि एक मिस्त्रीकाका त्याच्या पंपाचे पाइप जुन्या लुंगीच्या फडक्याने पुसत होते. आमची गाडी येताना त्यांनी ऐकली असणार. मान वर न करता म्हणाले, ‘गाडी बरी हा, पण खोकता कित्याक?’

मित्राने सगळी कथा सांगितली, सवा लाखासकट. काका हसले. म्हणाले, ‘अरे झिला, पंप मोठो घातलंस म्हणून काय होतला? आडात नाय तर पोरयात खंयसून येतला?’

डिझेलवाल्यांचा या विषयातला अनुभव आपल्यापेक्षा कितीतरी जुना. हाय प्रेशर पंप हा डिझेल इंजिनाचा जन्मजात भाग. बॉशच्या तंत्राचे पंप भारतात बनवणारी मायको कंपनी 1951 मध्ये सुरू झाली आणि 2008 मध्ये तिचं नाव बॉश झालं. पण गॅरेजमध्ये जुने लोक अजूनही ‘मायको पंप’च म्हणतात. आपल्या नाशिकच्या सातपूरला नोझल आणि इंजेक्टर बनतात ते याच घराण्याचे.

काकांनी सांगितलं, बोटवालेही दर मोसमाला येतात आणि म्हणतात, पंप खोलून द्या, जास्त डिझेल सोडा, बोट पळाली पाहिजे. पळते ना! काळा धूर काढत पळते. डिझेलमध्ये जास्तीचं इंधन इंजिन तापवतं, मग हेडला तडा जातो आणि भर मोसमात बोट किनाऱ्याला लागते. पेट्रोल टर्बोत उलटा प्रकार, तिथे कमी इंधन तापवतं. पण दोन्हीकडे माप चुकलं की इंजिनच जातं. म्हणून काका आधी पंप बेंचवर लावून मोजून घेतात. आम्हालाही त्यांचा सल्ला तोच: ‘आधी टाकी बघ, फिल्टर बघ, मगे पंपाक हात लाव.’

मित्राच्या डिकीत ओबीडी स्कॅनर होताच, फक्त आजवर वापरला नव्हता. लॉजवर येऊन लावला. कोड निघाला पी 0087, म्हणजे फ्युएल रेलचा दाब कमी. कॉम्प्युटर दोष नोंदवताना त्या क्षणाचे आकडेही साठवून ठेवतो, त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. तिथे स्पष्ट दिसत होतं: मागितले 200 बार, मिळाले 124. ट्यूनरचं अर्धं निदान बरोबर होतं, दाब खरंच पडत होता. कुठल्या पंपामुळे, ते मात्र कोणीच मोजलं नव्हतं.

सोमवारी पुण्यात दुसऱ्या वर्कशॉपमध्ये टाकीकडून येणाऱ्या लाइनला गेज लावलं. गाडी उभी असताना दाब झकास. लोड दिला की धाडकन खाली. टाकीतला पंप थकलेला आणि फिल्टर तुंबलेला. हाय प्रेशर पंप बिचारा ठणठणीत होता, त्याच्यापर्यंत पेट्रोलच पुरेसं पोचत नव्हतं. बिल झालं एकोणीस हजार. त्यानंतरच्या लॉगमध्ये मागितले 200, मिळाले 198.

मग मोठा पंप कोणासाठी?

याचा अर्थ मोठा पंप म्हणजे शुद्ध बनवाबनवी, असा घेऊ नका. त्याची गरज पडते, पण ठरावीक ठिकाणी. ऑक्टेव्हिया व्हीआरएससारख्या गाडीला (आपल्याकडे 2017 मध्ये 230 पीएस आणि 2020 मध्ये 245 पीएसने आलेली) कोणी मोठा टर्बो बसवला, तर मूळ पंप कधीतरी हात टेकणारच. किंवा कोणी जास्त इथेनॉलच्या इंधनावर ट्यूनिंग केलं, तर.

मोठ्या पंपात बहुतेक वेळा दट्ट्याच जाड असतो. गणित शाळेतलंच. आठ मिलिमीटरचा दट्ट्या नऊचा केला तर क्षेत्रफळ 27 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे दर ठोक्याला तेवढं जास्त पेट्रोल. पण त्याच गणिताने त्याच दाबाला कॅमशाफ्टवरचा भारही 27 टक्क्यांनी वाढतो. फुकट काहीच मिळत नाही, बॉस. शिवाय नुसता पंप बदलला तर एक घोडाही वाढत नाही. कॉम्प्युटर 200 बार मागतोय तोवर मोठा पंपही 200 च देणार. ताकद वाढायची तर टर्बो, ट्यूनिंग, टाकीतला पंप सगळंच सोबत वाढवावं लागतं.

आणि गिअरबॉक्स? पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी 250 एनएम टॉर्कसाठी बनवलाय. त्या गाडीचा मूळ टॉर्क 175, म्हणजे थोडी जागा होती. आताच्या स्लाव्हिया आणि व्हर्टसच्या 1.5 टीएसआयमध्ये डीएसजी त्याच जातीचा आणि इंजिनाचा मूळ टॉर्कच 250. तिथे पंपाच्या आधी क्लच रडेल. अशा गाडीला कोणी मोठा पंप विकायला आलं तर चहा पाजून पाठवून द्या.

एक हिशेब इथेनॉलचा

ही गोष्ट मात्र रीमॅप न केलेल्यांनीही वाचावी. 2023 पासून देशात ई 20 पेट्रोल यायला लागलं आणि 2025 पर्यंत बहुतेक सगळीकडे तेच मिळू लागलं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेसाठी बिनइथेनॉलच्या पेट्रोलपेक्षा ई 20 सात-आठ टक्के जास्त फवारावं लागतं. कंपनीने पंपात सोडलेली जागा त्यातच थोडी खर्ची पडते. मूळ ट्यूनिंगवर गाडी ते सांभाळून घेते. पण जुन्या पेट्रोलच्या जमान्यात केलेला, काठावरचा रीमॅप असेल आणि वर टाकीतला पंप म्हातारा, तर तुमची खंबाटकी फार लांब नाही. जुना रीमॅप असेल तर ट्यूनरकडून आजच्या पेट्रोलवर पुन्हा लॉग काढून घ्या.

कायद्याचं पण ऐका

‘बोनेटखालचं कोणाला दिसतंय?’ हे नेहमीचं उत्तर. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की नोंदणीतले तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये ते पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आली. पोलिसाला बोनेटखालचं दिसणार नाही कदाचित, पण अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर बोनेट उघडतोच. वॉरंटीचं तर बोलायलाच नको.

मोठा पंप घेण्याआधी

• आधी कोड वाचा, फ्रीज फ्रेम बघा. मागितलेला आणि मिळालेला दाब, दोन्ही आकडे लिहून घ्या.
• टाकीकडच्या लाइनचा दाब लोडवर मोजायला लावा. गाडी उभी असताना मोजून काही कळत नाही.
• ताकदीचा लॉग डायनोवर काढा. घाटात आणि हायवेवर नको!
• इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतोय किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढतेय? मग हाय प्रेशर पंपाचं सील तपासा. इथे पंप खरंच दोषी असू शकतो.
• बोनेट उघडल्यावर बारीक टकटक ऐकू येते, ती बहुधा पंपाचीच. घाबरू नका.
• पंप काढण्याआधी लाइनमधला दाब उतरवावाच लागतो. गरम टर्बोशेजारी पेट्रोल गळलं तर थेट आग. त्यामुळे हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नको.
• ओव्हरटेक करताना गाडीने एकदा जरी मान टाकली, तर तपासून होईपर्यंत ओव्हरटेक बंद.

मित्राचं म्हणाल, तर वाचलेल्या पैशांतून त्याने चार नवे टायर आणि ब्रेक पॅड घेतले. काकांसाठी पुण्याहून बाकरवडी पाठवली. फोन केला तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘खोकता काय अजून?’

पुढच्या आठवड्यात: पावसात नवे टायरही का घसरतात?