डॉक्टर नाही, तर संगणक?

बारावीचा निकाल लागला की हिंजवडीच्या सोसायट्यांमधून घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलीला विज्ञान आवडते, माणसांसाठी काही करावे असेही वाटते. मग 'नीट'चे गुण किती? पुरेसे असतील तर डॉक्टर, नसतील तर संगणक! २०२४ साली ही परीक्षा २३ लाखांहून अधिक मुलांनी दिली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्याही आत होत्या. म्हणजे बहुतेक मुले बाहेर राहणार, हे आधीच ठरलेले. एवढ्या मुलांनी लोकांच्या उपयोगी पडण्याची इच्छा एका दुपारच्या पेपरबरोबर गुंडाळून ठेवायची काय?

उत्तरासाठी लांब जायला नको. हिंजवडीला जग 'आयटी पार्क' म्हणून ओळखते. पण इथल्या दुसऱ्या टप्प्यात जैवतंत्रज्ञानाचाही पार्क आहे, हे इथे राहणाऱ्या कितीजणांच्या ध्यानात असते? तिथल्या जिनोव्हा कंपनीने करोनावर एमआरएनए तंत्राची लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. या जातीची परदेशातली पहिली लस उणे ७० अंशांच्या आसपास जपावी लागे. जिनोव्हाची लस भुकटीच्या रूपात आली आणि २ ते ८ अंशांत, म्हणजे साध्या फ्रीजमध्ये टिकू लागली. ती आली तोवर देशातल्या बहुतेक प्रौढांचे लसीकरण उरकले होते, हे खरेच. पण त्यामागची दृष्टी पाहावी. खेड्यातल्या आरोग्य केंद्रात काय परवडेल, काय टिकेल, याचा विचार इथे प्रयोगशाळेतच झाला. आणि अशी कामे एकटे डॉक्टर करीत नाहीत. रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माण शिकलेली माणसे ती करतात.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. कमला सोहोनी यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, ती रसायन आणि भौतिक या विषयांत. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहू, या अटीवर घेतले. पुढे केंब्रिजला डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या, आणि कडधान्ये, तांदूळ, नीरा यांचे पोषणमूल्य तपासण्यात त्यांनी आपली विद्या खर्च केली. गरिबाच्या ताटात काय पडते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यांनी कधी रोग्याची नाडी धरली नाही. म्हणून त्यांचे काम सेवा नव्हे, असे कोण म्हणेल?

ज्यांनी नाडी धरली, त्यांनाही दुसऱ्या शास्त्राची मदत घ्यावी लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. जगाने ते मानले, कारण प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदला होता आणि शेजारच्या गावांशी तुलना केली होती. संख्याशास्त्र रुक्ष म्हणून टाळणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा निवड करताना मुलाने एवढे ओळखावे की, आपल्याला माणूस समोर हवा की तो भिंतीपलीकडे असला तरी चालेल? समोर हवा असेल त्याला फिजिओथेरपी, वाचा-श्रवणोपचार, कृत्रिम अवयव बसवण्याचे शास्त्र, असे किती तरी मार्ग आहेत. फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांसाठी २०२१ साली केंद्राने स्वतंत्र कायदाही केला आहे. ज्याला परीक्षानळीपाशी दिवसभर बसवते, त्याने मूळ विज्ञान धरावे.

आता पैशाचे. मी बँकेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज पाहत असे. फी किती, नोकरी कुठे, जामीन कोण, हे आम्ही विचारत असू. 'हे का शिकायचे?' हा प्रश्न बँकेचा नव्हे. तो घरातच विचारला पाहिजे. या वाटांवर सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा बहुधा कमी असतो, संशोधनात तर एम.एस्सी., पीएच.डी.पर्यंत थांबावे लागते. आणि हप्ता मात्र सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने दारात उभा राहतो. म्हणून नावात 'बायो' आहे एवढ्यावर भुलून खासगी संस्थेत लाखोंची फी भरण्यापेक्षा, जुन्या, चांगल्या प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयात कमी खर्चात बी.एस्सी. करणे शहाणपणाचे. कर्जाखाली दबलेला मुलगा पुढे मनासारखे काम निवडू शकत नाही.

मात्र नुसत्या कळवळ्याने भागत नाही. कच्चे रसायन शिकलेला दयाळू माणूस कोणाच्याच कामी येत नाही. आधी विषय पक्का करावा, आणि तो शिकत असतानाच याने कोणाचे दुखणे हलके होईल, हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. आईवडिलांनी 'पॅकेज किती' हे विचारण्यापूर्वी हा प्रश्न एकदा विचारला, तरी पुष्कळ झाले.